पौष्टिक नूडल्सचं व्रत

आधी संकल्प सोडा. रविवारी रात्री, पावभाजी हाणून झाल्यावरचा मुहूर्त उत्तम. 'उद्यापासून या घरात मैदा नाही' असं मोठ्याने म्हणा आणि त्याच दमात मोबाइलवरून चार पाकिटांचा कॉम्बो मागवा. नेहमीच्या पाकिटाच्या तिप्पट-चौपट पैसे पडतील. पडू देत. स्वस्तात पौष्टिक खाल्लं, हे चारचौघांत सांगायला काही मजा नसते.

पाकीट घरी आलं की पुढची बाजू भक्तिभावाने वाचा. नाचणीचं कणीस, हिरवं पान, मातीने माखलेले हात. मागच्या बाजूकडे मात्र फिरकू नका. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तसा नियमच आहे, आणि त्या रांगेत नाचणी बऱ्याचदा गव्हाच्या मागे उभी सापडते. यात तशी फार लबाडी नाही. नाचणीत ग्लुटेन नसतं. नुसत्या नाचणीची शेव उकळत्या पाण्यात तुटून जाते, म्हणून तिला धरून ठेवायला गव्हाचं पीठ किंवा गवारीचा डिंक घालतात. फक्त चित्र काढणाऱ्याच्या हातून गव्हाची ओंबी तेवढी राहून जाते.

त्याच मागच्या बाजूला सोडियमचा आकडा असतो. तो दिसलाच तर 100 ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, हे तपासत बसू नका आणि त्याला अडीचने गुणू तर मुळीच नका. गुणलं की मीठ निघतं. पाकिटात 900 मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते सव्वादोन ग्रॅम मीठ झालं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. हे मीठ थोडं नूडल्सच्या पिठात असतं, पण बरंचसं मसाल्याच्या पुडीत. म्हणजे अर्धीच पुडी घालून वर मिरपूड, लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, तर जे साधतं ते पाकीट बदलून साधेलच असं नाही. पण अर्धी पुडी कुणाला दाखवणार? पाकिटाचा फोटो तरी टाकता येतो.

आता प्रत्यक्ष विधी. पाकिटावर 'तळलेले नाहीत' असं लिहिलेलं असेल, तरी शिजवताना दोन मिनिटांचाच हिशेब धरा. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये पहिले इन्स्टंट नूडल्स बाजारात आणले, ते तळलेले होते, आणि तळण्यामागे कारण होतं. वाफवलेले नूडल्स साधारण दीडशे अंशांच्या तेलात गेले की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे बारीक भोकं राहतात. गरम पाणी त्याच भोकांतून परत आत शिरतं, म्हणून काम झटपट उरकतं. गरम हवेवर वाळवलेल्या नूडल्सना एवढी भोकं नसतात. त्यांना खळखळत्या पाण्यात चार ते सहा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत उतरवलेत की दाताखाली कच्चं पीठ येईल. तेच पौष्टिकतेची चव म्हणून वाढा.

पाणीही कमीच घ्या. दोन पाकिटांना लिटरभर पाणी आणि पसरट पातेलं घेतलं, पाणी नीट उकळल्यावर नूडल्स सोडले, पहिलं दीड मिनिट चमचा लावला नाही, एक शेव तोडून मधला पांढरा ठिपका गेल्याची खात्री केली आणि मग चाळणीत उपसून गार पाणी ओतलं, तर ते मोकळे होतात. शिवाय पिठातलं थोडं मीठ त्या पाण्याबरोबर वाहून जातं. हे सगळं टाळलंत की पातेल्यात जी खळ तयार होते, तिच्यात कॉटनची साडी उत्तम कडक होईल.

एवढं होऊनही नूडल्स चिकटणार, म्हणून सढळ हाताने तेल सोडा. तळलेल्या नूडल्सच्या वडीत साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं, म्हणजे एका वडीत दहा-बारा ग्रॅम. घरातला एक मोठा चमचा 15 मिलिलिटरचा, त्यात जवळपास 14 ग्रॅम तेल मावतं. कारखान्याने काढलेलं तेल तुम्ही एका चमच्यात सव्याज परत केलंत. वर बटर घालायचं की नाही, हे ज्याने त्याने आपल्या कुलाचाराप्रमाणे ठरवावं.

भाज्या हव्यातच: सात वाटाणे आणि गाजराचे चार तुकडे. दर माणशी दीड वाटी, फरसबी आधी चार मिनिटं, कोबी शेवटच्या मिनिटाला, वर एक अंडं, असं केलंत तर ते जेवण होईल. आपल्याला नूडल्स करायचे आहेत.

ऑफिसला न्यायचे तर काचेच्या बरणीत थर लावा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुपारी थेट उकळतं पाणी ओता. बरणी तडकली तर प्रश्नच मिटला. नाही तडकली, तर गार भाज्या पाण्याचा ताव घालवतील आणि वाळवलेले नूडल्स अर्धकच्चेच राहतील. नूडल्स घरून शिजवून आणि भाज्या परतून स्टीलच्या डब्यात नेता येतात, पण स्टीलच्या डब्याचा फोटो काही खास येत नाही.

पर्यावरणाचं म्हणाल, तर पाकिटावर हिरवं पान आहे. आत चकाकी दिसली तरी विचलित होऊ नका. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं अवघड, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. कागदी कप घेतलात तरी आतून प्लास्टिकचं अस्तर असतंच.

या काळात गावाहून आलेला शेवयांचा डबा माळ्यावरून खाली काढू नका. त्या तळलेल्या नसतात, उन्हात वाळलेल्या असतात, दोन-तीन मिनिटांत शिजतात, कांदा-मोहरीच्या फोडणीत छान लागतात आणि डबा धुऊन परत जातो. असल्या गोष्टींनी व्रतभंग होतो.

उद्यापन तिसऱ्या आठवड्यात येतं. चारांतलं एक पाकीट शिजवून झालेलं असतं आणि उरलेल्या तिघांची तारीख जवळ येते. तेव्हा ती कामाच्या मावशींना द्या, 'मुलांना द्या हो, नाचणीचे आहेत' असं म्हणून. दोन दिवसांनी फरशी पुसता पुसता मावशी सांगतील, "पोरांनी काय तोंड लावलं नाही बघा. मसाल्याच्या पुड्या तेवढ्या वांग्यात घातल्या. झ्याक झालं होतं."