जीजी, तुला नाही हाक मारली

कन्नमवार नगरात राहणाऱ्या माणसाला आवाजाचं वावडं असून चालत नाही. सकाळी भंगारवाला, दुपारी समोरच्या नव्या इमारतीचं ड्रिलिंग, संध्याकाळी सण असो नसो ढोलाची प्रॅक्टिस, आणि मधला वेळ भरून काढायला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आहेच. हे सगळं मी पचवलंय. पचत नाही ते आमच्या अथर्वचं 'ओपी'.

अथर्व माझा पुतण्या. अकरावीत आहे, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो हॉलमधल्या दिवाणावर आडवा असतो. हातात मोबाईल, कानात हेडफोन, तोंड मात्र मोकळं. गोळीबार ऐकू येतो फक्त त्याला, आणि त्यावरची त्याची मुक्ताफळं अख्ख्या मजल्याला.

खेळण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आम्हीही टीव्हीला डबा जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारून खेळलोय. कॉन्ट्रामध्ये आपली माणसं संपली की जोडीदाराच्या शिल्लक लाईफमधून खेळता यायचं, त्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलाय. पण आमचे शब्द किती होते? लाईफ, स्टेज, बॉस, 'मेलो' आणि 'माझा चान्स'. खेळ संपला की शब्द कॅसेटबरोबर खोक्यात जायचे. माझी 'लाईफ गेली' म्हणून मी कधी जेवणाच्या पानावरून उठलो नाही. अथर्वचे शब्द दिवाणावरून उतरून घरभर फिरतात. शिवाय त्यातल्या एकेका शब्दाला दहा-दहा ठिकाणी कामाला लावलेलं आहे.

'ओपी' त्यातला सगळ्यात राबलेला. ओव्हरपॉवर्ड. खरं म्हणजे ही तक्रार होती. अमुक बंदूक गरजेपेक्षा जास्त ताकदवान आहे, तिच्यापुढे कोणाचंच काही चालत नाही, खेळाचा तोल जातोय, तेव्हा गेम बनवणाऱ्यांनी लक्ष घालावं, असा अर्जच म्हणा ना. त्या अर्जाची आता शाबासकी झाली आहे. वडापाव ओपी. पाऊस ओपी. माझ्या आईची, जीजीची, गुडघ्याची गोळी लागू पडली, तीही ओपी. वरच्या मजल्यावरच्या सामंतांचे वडील गेले, तेव्हा आम्ही भेटायला निघालो. जिन्यात सामंतच भेटले. म्हणाले, 'नव्वद पूर्ण केली होती हो.' माझ्या मागून आवाज आला, 'नव्वद? ओपी.' सामंतांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून आमचे संबंध टिकले.

पण 'ओपी' परवडला, असं वाटायला लावणारा शब्द म्हणजे 'स्किल इश्यू'. गेम फार अवघड आहे अशी कोणी कुरकुर केली की त्याच्या तोंडावर हा मारायचा. गेममध्ये खोट नाही, तुला खेळता येत नाही, विषय संपला. तिथपर्यंत ठीक. पण मी घाटकोपरच्या पुलावरच्या गर्दीत अडकलो आणि फास्ट गेली, तर तो स्किल इश्यू कसा? वहिनीला मिक्सरचं झाकण बसेना, स्किल इश्यू. जीजीला सुईत दोरा ओवता येईना, स्किल इश्यू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्या बाईच्या. या शब्दाचं वैशिष्ट्य असं की तो उच्चारणाऱ्याला जागचं हलावं लागत नाही. ना झाकण बघायला उठायचं, ना सुई हातात घ्यायची.

त्याला मी एकदा कझुहिसा हाशिमोतोंची गोष्ट सांगितली. हे कोनामी कंपनीतले गृहस्थ. १९८६ मध्ये ग्रेडियस नावाचा गेम घरगुती यंत्रावर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. गेम तपासून बघायचा तर आधी खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच पार करता येईना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक चोरवाट करून ठेवली: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. एवढी बटणं दाबली की सगळी शस्त्रं हातात. हीच किल्ली पुढे कॉन्ट्रात आली आणि तिने ३० लाईफ मिळायला लागल्या. ऑफिसात त्यांना कोणी 'स्किल इश्यू' म्हणून गप्प बसवलं असतं तर आमच्या पिढीचं बालपण पहिल्याच स्टेजला संपलं असतं. अथर्वने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पोहोचलं. तो म्हणाला, 'हाशिमोतो ओपी.'

पुढच्या आठवड्यात त्याचा फिजिक्सचा युनिट टेस्टचा पेपर घरी आला. वहिनीने मार्क बघितले, पेपरची घडी घातली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, 'काय रे, स्किल इश्यू का?'

'नाही गं मम्मी,' तो म्हणाला. 'सिलॅबसच अनबॅलन्स्ड आहे.'

बाकीच्यांना थोडक्यात उरकतो. 'ग्राइंड' म्हणजे तेच तेच कंटाळवाणं काम पुन्हा पुन्हा करून पातळी वाढवत नेणं. हा दिवाणावर लोळत 'सकाळपासून ग्राइंड करतोय' म्हणतो, तेव्हा आत वहिनी इडलीचं वाटत असते. 'एनपीसी' म्हणजे गेममधलं ते पात्र, जे कोणी खेळत नसतं. ते एका जागी उभं असतं, आपण जवळ गेलो की ठरलेलं वाक्य म्हणतं, पुन्हा गेलो की पुन्हा तेच म्हणतं. वॉचमनला हा शब्द लावल्याबद्दल मी अथर्वला झापलं. तर म्हणाला, 'काका, तू रोज चप्पल काढताना म्हणतोस, आज काय गर्दी होती.' मी म्हटलं, अरे, गर्दी रोज असते. 'एनपीसीलापण तसंच वाटत असतं.'

एक शब्द मात्र मला आवडतो, आणि तसं मी त्याला सांगितलंयही: 'नर्फ'. नर्फ हा अमेरिकेतला खेळण्यांचा ब्रँड. फोमचे बॉल, फोमच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका, लागलं तरी दुखत नाही. १९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइन या गेममध्ये पुढे तलवारींचा जोर कमी केला, तेव्हा खेळणारे वैतागून म्हणायला लागले की आता आम्ही एकमेकांना फोमनेच बडवतोय. तिथून कुठलीही धारदार गोष्ट मुद्दाम बोथट करणं म्हणजे नर्फ करणं. डॉक्टरांनी जीजीचं तिखट कमी केलं त्या रात्री आमटीचा पहिला घास घेऊन अथर्व म्हणाला, 'जीजीला नर्फ केलं यार.' याहून नेमकं कोणाला सांगता आलं नसतं. अख्खं घर त्या आमटीवर तोंड पाडून बसलं होतं.

'फिनिश'चं प्रकरण सरकारदरबारातून आलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल गेलं. आमच्याकडे सुतक पाळावं तसे दिवस गेले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, जरा सभ्य होऊन. रक्त हिरवं केलेलं, आणि 'किल'च्या जागी 'फिनिश'. हेतू चांगला असणार. पण 'मारला' हे ओरडून म्हटलं तर निदान ऐकणाऱ्याला खेळ चालू आहे असं वाटतं. 'घरात एकच आहे, नॉक केलाय, तू ये आणि फिनिश कर' हे थंड डोक्याने, हळू आवाजात कानावर आलं की वेगळं वाटतं. आमच्या सिलिंडरवाल्याला वाटलं. तो सिलिंडर उंबऱ्यावर टेकवून तसाच उभा राहिला. आत यायला तयार होईना. शेवटी मीच सिलिंडर ओढत आत नेला आणि त्याचे पैसे बाहेर नेऊन दिले.

खेळणाऱ्या पोरांचं एक वेळ समजू शकतो. त्यांना बोलताना दम लागलेला असतो. पण गेम विकणारी मंडळी एसीत बसून जे शब्द बनवतात, त्यांना काय सबब आहे? मोठ्या खर्चाच्या गेमला 'ट्रिपल ए' म्हणायची पद्धत आहे. आमच्या घरात ट्रिपल ए म्हणजे रिमोटचे सेल, आणि ते कधीही जागेवर नसतात, हा भाग वेगळा. तर फेब्रुवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीचा स्कल अँड बोन्स नावाचा समुद्री चाच्यांचा गेम बाजारात आला. काम सुरू झालं २०१३ मध्ये, घोषणा २०१७ मध्ये, त्यानंतर तारीख पे तारीख. किंमत ७० डॉलर. एवढे पैसे कशाचे, असा विषय निघाल्यावर कंपनीचे प्रमुख ईव्ह गिलमो म्हणाले, हा 'क्वाड्रुपल ए' गेम आहे. चार ए! तीन ए कमी पडले म्हणून चौथा. आपल्याकडे 'ए-वन टेलर्स' एकाच ए वर पिढ्यानपिढ्या पॅन्टी अल्टर करतायत, त्यांनी कधी दुसरा मागितला नाही. समीक्षकांना तो गेम बेताचाच वाटला, हे सांगायला नकोच. आमच्या वेळी कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत तेच ते मोजके गेम फिरून फिरून यायचे. थाप तीही होतीच. पण आकड्यातली थाप मे महिन्याच्या सुट्टीत बसून मोजता यायची. ए कसे मोजणार?

तसाच 'ओपन वर्ल्ड'. जाहिरातीत डोंगर, नदी, घोडा, सूर्यास्त, आणि तुम्ही वाट्टेल तिकडे जा. जीजी एकदा अथर्वच्या शेजारी बसून हे वाट्टेल तिकडे जाणं बघत होती. त्याचा गडी डोंगर चढत होता, धापा टाकत होता, पुन्हा चढत होता.

'कुठे निघालाय?' जीजीने विचारलं.

'त्या गावातल्या म्हाताऱ्याला दहा झाडपाल्या आणून द्यायच्यात.'

'तुझ्या ओळखीचा आहे?'

'नाही गं. साइड क्वेस्ट आहे ती, जाता जाता करायचं काम.'

'मग तो काय देणार तुला?'

'एक्सपी. एक्सपीरियन्स पॉइंट्स.'

जीजी सकाळपासून त्याला खालून कोथिंबिरीची जुडी आणायला सांगत होती. भाजीवाला गेटवरच बसतो. ती कमरेची पिशवी चाचपत म्हणाली, 'मग मीपण एक्सपी देते. जा.'

आता 'जीजी'. जीजी म्हणजे माझी आई, हे एव्हाना लक्षात आलं असेल. तिला घरीदारी, माहेरी-सासरी सगळे जीजीच म्हणतात. आणि गेम खेळणाऱ्यांमध्ये सामना संपला की जे म्हणायचं असतं तेही 'जीजी'. गुड गेम. १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा गेम आला, कोरियात तो वेडासारखा खेळला जायला लागला, तिथे हरणारा खेळाडू 'जीजी' लिहून बाहेर पडायचा. हरलो, पण छान खेळलास. हात मिळवण्यासारखंच ते. इतका सुसंस्कृत शब्द या सगळ्या गोंगाटात दुसरा नसेल. पण रात्री साडेअकराला, दिवे मालवल्यावर, हॉलमधून 'जीजी! जीजी! अरे जीजी यार!' अशी आरोळी उठते, तेव्हा कोरिया कोणाच्या ध्यानात येणार?

जीजी उठते. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरत, 'आले रे बाबा, काय झालं?' करत हॉलमध्ये येते. अथर्वच्या कानात हेडफोन. ती उभी राहते, बघते, आणि उठलोच आहोत तर म्हणून गॅसचा नॉब बघते, दुधावर झाकण ठेवते, घोटभर पाणी पिते आणि परत जाते. तेवढ्यात दुसरा सामना संपतो. शेवटी अथर्वला ती दिसली की तो एक कान मोकळा करून म्हणतो, 'जीजी, तुला नाही हाक मारली.'

'मग कुठल्या जीजीला मारलीस?'

याला उत्तर नाही.

त्यात भर म्हणजे हल्ली जिंकणाराच हरणाऱ्याला डिवचायला म्हणतो, 'जीजी ईझी'. म्हणजे तुला हरवणं डाव्या हाताचा मळ होता. ओव्हरवॉच नावाच्या गेममध्ये या आगाऊपणाचा इतका सुकाळ झाला की बनवणाऱ्यांनी २०१६ मध्ये एक नामी इलाज केला. तिथे कोणी ही अक्षरं टाइप केली की पाठवताना ती आपोआप बदलायची, आणि समोरच्याला दिसायचं भलतंच. त्यातलं एक वाक्य साधारण असं: 'माझी झोपायची वेळ टळून गेलीय. प्लीज माझ्या मम्मीला सांगू नका.' गेमच्या इतिहासात याहून थोर काम झालं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हापासून मी आमच्या हॉलपुरती अशीच एक यंत्रणा डोक्यात रचतोय. अथर्वने 'स्किल इश्यू' म्हटलं की बाहेर पडावं, 'काका, तू बस, मी बघतो.' 'ग्राइंड' म्हटलं की, 'माझं अंथरूण अजून तसंच पडलंय.' 'ओपी'च्या जागी पूर्ण वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापदासकट: 'वडा गरम आहे आणि लसणाची चटणी जमलेली आहे.' 'नर्फ'ला हात लावायचा नाही.

रविवारी जेवताना ही यादी मी वाचून दाखवली. वहिनीने दोन भर घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. अथर्व म्हणाला, 'काका, टॉक्सिक आहेस तू.' मी जीजीला विचारलं, 'तुझ्या नावाच्या जागी काय घालू?'

तिने भातावर वरण ओतून घेतलं, मीठ लावलं, थोडा विचार केला. म्हणाली, 'घाल: दूध झाकलंय, गॅस बंद केलाय, तू झोप.'