हॉटेलचे स्टेटस प्रत्येकाच्या फायद्याचे नसते

‘वर्षातून दोनदाच फिरायला जाणाऱ्यानेही सगळे मुक्काम एकाच हॉटेल-साखळीत करावेत, स्टेटस (नेहमीच्या ग्राहकाला मिळणारा सदस्यत्वाचा वरचा दर्जा) मिळते, वरच्या दर्जाची खोली मिळते, नाश्ता फुकट होतो आणि जास्त मोजलेले पैसे वसूल होतात,’ असा सल्ला सध्या सर्रास फिरतो आहे. मॅरियट या हॉटेल-साखळीच्या बॉनवॉय या सदस्य-योजनेचे नियम समोर ठेवून तो तपासला, तर ज्यांना तो दिला जातो त्यांच्याच तो उपयोगाचा नाही, असे दिसते.

स्टेटस मिळते, हे खरे, पण कोणते? सिल्व्हर दर्जाला वर्षाला १०, त्यावरच्या गोल्डला २५ आणि प्लॅटिनमला ५० रात्री लागतात. दिवाळीत आणि मे महिन्यात मिळून दहा रात्री बाहेर राहणारे कुटुंब सिल्व्हरपाशीच थांबते आणि सिल्व्हरचा मुख्य लाभ म्हणजे भाड्यावर मिळणाऱ्या मूळ पॉइंटांवर (हे साठवून मोफत रात्र घेता येते) १० टक्के वाढ. बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला १० पॉइंट मिळतात. डॉलर ९० रुपयांचा आणि करांव्यतिरिक्त भाडे ९,००० रुपये धरले, तर रात्रीमागे १०० पॉइंट, म्हणजे पुढच्या दहा रात्रींत १,००० पॉइंट जादा मिळतील. एवढ्यात मोफत रात्र पदरात पडत नाही. उलट त्याच साखळीच्या हट्टापायी रात्रीमागे ५०० रुपये जास्त मोजले असतील, तर ५,००० रुपये मात्र नक्की गेलेले असतात.

मोफत नाश्त्याचा लाभ गोल्डलाही नाही. तो प्लॅटिनमपासून सुरू होतो, तोही सगळ्या ब्रँडमध्ये नाही, आणि सदस्य व सोबतची एक व्यक्ती एवढ्यांपुरताच. शिवाय भारतातील अनेक हॉटेलांच्या भाड्यात नाश्ता आधीच धरलेला असतो. वरच्या दर्जाची खोली तर ती रिकामी असेल तरच मिळते, आणि नोकरदार कुटुंबे नेमकी जोडून आलेल्या सुट्ट्यांत, हॉटेले भरलेली असताना बाहेर पडतात.

हाच सल्ला कंपनीच्या कामासाठी वर्षभर चाकण, चेन्नई, सिंगापूर करणाऱ्या अभियंत्याला मात्र मी आवर्जून देईन. बिल कंपनी भरते, पॉइंट त्याच्या खात्यात जमा होतात, आणि रात्रीचे विमान असेल त्या दिवशी प्लॅटिनम सदस्याला शहरातील बहुतेक हॉटेलांत दुपारी चारपर्यंत खोली वापरता येते, ही सोय दमलेल्या माणसाला खरोखर मोलाची वाटते. त्याने एवढेच पाहावे की खोली त्रयस्थ बुकिंग संकेतस्थळावरून घेतलेली नाही, कारण तशा रात्री सहसा स्टेटससाठी मोजल्या जात नाहीत; आणि डिसेंबरात पाच रात्री कमी पडल्या, तर त्या भरून काढण्यासाठी स्वतःच्या खिशातून ३५-४० हजार रुपये घालू नयेत.