कॉर्क वाढतंय, पण आधी रूळ आणि गटारं पुरी करा

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नोकरी लागलेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घर कुठे बघायचं? बॅलिनकॉलिग की डग्लस, मॅहन की कॅरिगटूहिल? भाडं, शाळा, किराणा हे सगळं बघाच. पण पुढची दहा-पंधरा वर्षं इथे काढायची असतील तर एक गोष्ट आवर्जून बघा, ती म्हणजे रूळ कुठे दुहेरी होतायत. या शहराचं भलं कशात आहे असं कुणी विचारलं तरी माझं उत्तर तेच आहे.

३१ मे २०१९ ला कॉर्कची हद्द वाढली आणि सव्वा लाखाचं शहर एका रात्रीत दोन लाख दहा हजारांचं झालं. २०२२ च्या जनगणनेत आकडा सुमारे २ लाख २४ हजारांवर गेला. २०१८ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०४० पर्यंत कॉर्क ५० ते ६० टक्क्यांनी वाढवायचं ठरलेलं आहे. त्यामुळे जुन्या गोदीवर नवी वस्ती, ट्राम, बससाठी राखीव रस्ते, रिंगास्किडी बंदराकडे जाणारा एम २८ महामार्ग अशा घोषणा एकामागून एक आल्या. सगळं हवंय, त्याबद्दल वाद नाही. पण शहर लहान आहे, ली नदीच्या दोन पात्रांमध्ये अडकलेलं आहे आणि खोदायचे रस्ते तेच आहेत. म्हणून कशाच्या आधी काय, याला इथे फार महत्त्व आहे.

रेल्वेपासून सुरुवात करतो, कारण रूळ आधीपासून आहेत. उत्तरेच्या मॅलो गावाकडून येणारी लाइन शहराच्या उत्तरेच्या टेकडीखालच्या बोगद्यातून केंट या शहराच्या मुख्य स्टेशनात उतरते आणि पुढे कोव्ह आणि मिडलटन या गावांकडे जाते. आधी मॅलोची लोकल केंटला संपायची आणि पुढे जाणाऱ्याला गाडी बदलावी लागायची. गाडी संपते तेव्हा फलाटावर काय होतं ते बघा. लोक उतरतात, ड्रायव्हर एका टोकाची केबिन बंद करतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो, तिथली केबिन चालू करतो, ब्रेक तपासतो आणि सिग्नलची वाट बघतो. तेवढा वेळ फलाट अडकलेला. तीच गाडी आरपार गेली तर दोन-तीन मिनिटांत फलाट मोकळा होतो. २०२५ मध्ये केंटला २२० मीटर लांबीचा नवा आरपार फलाट सुरू झाला, तो एवढ्यासाठीच. बातम्यांत त्याला दोन ओळी मिळाल्या. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या शहरात झालेलं ते सगळ्यात उपयोगी बांधकाम आहे.

दुसरी अडचण ग्लाउनथॉन ते मिडलटन या सुमारे १० किलोमीटरची. १९६३ मध्ये बंद पडलेली ही लाइन जुलै २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण एकेरी. एकेरी तुकड्यात एक गाडी शिरली की समोरची बाहेर उभी राहते. तुकडा पार करायला सहा मिनिटं लागत असतील तर जाणारी आणि येणारी मिळून बारा मिनिटं तिथेच गेली. मग दर दहा मिनिटांनी गाडी गणितातच बसत नाही. शिवाय एक गाडी चार मिनिटं उशिरा आली की समोरची चार मिनिटं खोळंबते, ती केंटला उशिरा पोहोचते आणि तिथून तो उशीर कोव्हच्या गाडीला लागतो. मुंबईच्या लोकलवाल्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. रूळ दुहेरी केले आणि सिग्नल यंत्रणा नवी केली की ही साखळी तुटते.

नवा फलाट, दुहेरी रूळ आणि सिग्नल मिळून या रेल्वे सुधारणेच्या पहिल्या टप्प्याचा खर्च १८.५ कोटी युरो ठरला आणि त्यातले १६.४ कोटी युरोपीय संघाच्या कोविडनंतरच्या निधीतून आले. त्या निधीला २०२६ ची शेवटची तारीख होती. हे काम हललं यात त्या तारखेचा वाटा मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्या टप्प्यात टिवोली, डंकेटल, ब्लॅकपूल, मोनार्ड, ब्लार्नी, वॉटर रॉक अशी नवी स्टेशनं, विजेवरच्या गाड्या आणि डेपो आहे. त्यालाही तशीच पक्की तारीख आणि बाजूला काढलेला पैसा हवा. मिडलटनजवळच्या वॉटर रॉकला सुमारे अडीच हजार घरांचं नियोजन आहे. घरं आधी आली आणि स्टेशन पाच वर्षांनी आलं, तर तोवर प्रत्येक घरासमोर दोन मोटारी उभ्या राहतात. एकदा मोटार घेतली, हप्ते सुरू झाले, की नंतर स्टेशन उघडून ती सवय मोडत नाही.

आता गोदीकडे. १४७ हेक्टर जागा, दहा हजार घरांचं स्वप्न, आणि २०२१ मध्ये सरकारने त्यासाठी ३५ कोटींहून अधिक युरो मंजूर केले. दक्षिणेकडच्या भागात एकेकाळी फोर्ड आणि डनलॉपचे कारखाने होते. १९८३-८४ मध्ये दोन्ही बंद झाले. मोकळी जागा, शहराच्या मध्याला लागून. नकाशावर बघितलं की वाटतं, उद्याच सुरू करा.

पण 'कॉर्क' या नावाचाच अर्थ दलदल आहे. गोदीची जमीन नदीकाठच्या गाळावर भराव टाकून तयार झाली आहे. तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, बांधामुळे कोरडा राहतो एवढंच. इमारतीला पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, मारून गाळाखालच्या रेती-गोट्यांच्या थरापर्यंत टेकवता येतं. फूटपाथ, रस्ता आणि पाइपांना मात्र पाइल नसतात. जमीन उंच करायला भराव टाकला की त्याच्या वजनाने खालचा गाळ दबत जातो, वर्षानुवर्षं. इमारत जागेवर राहते आणि तिच्या दारातला फूटपाथ खचतो. पायरी चार इंच होती ती सात इंच होते आणि भिंतीतून बाहेर पडणारी सांडपाण्याची नळी नेमकी भिंतीपाशीच तुटते. उपाय माहीत आहेत. रस्त्याच्या पट्ट्यावर आधी जादा भराव टाकून काही महिने दाबून ठेवायचा, मग काढायचा, आणि भिंतीपाशी लवचीक सांधे वापरायचे. फक्त हे सगळं इमारतींच्या आधी करावं लागतं.

पावसाचं पाणी ही त्याहून मोठी गोष्ट. गटाराच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते. भरती चढली की ती बंद होते, नाहीतर नदीच उलटी आत येईल. बंद असलेल्या त्या तासांत पाऊस पडला तर पाणी जाणार कुठे? हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० घनमीटर पाणी. १४७ हेक्टरवर २९,४०० घनमीटर. तेवढं पाणी भरती ओसरेपर्यंत साठवायला तळी, कालवे आणि पंप लागतात, आणि त्यांच्यासाठी राखलेली जागा नंतर कुणी पार्किंगला देता कामा नये. झडपेत एक फांदी अडकली तरी ती पूर्ण मिटत नाही, म्हणून तपासणीचं वेळापत्रकही आराखड्यात लिहिलेलं हवं.

मध्य शहरातल्या पूरसंरक्षणाबद्दल धक्क्यांवर भिंती बांधायच्या की खाली, समुद्राच्या बाजूला, भरतीरोधक बांध घालायचा, हा वाद वर्षानुवर्षं चालला. नोव्हेंबर २००९ च्या पुरात पाणी नदीच्या वरच्या अंगाने, इनिस्कारा धरणाच्या बाजूने आलं होतं. खालच्या बांधाने तो पूर अडला नसता, आणि नुसत्या भिंतींनी जमिनीखालच्या रेतीतून वर येणारं भरतीचं पाणी अडत नाही. भिंती बांधल्या तर मागे पंप लागणारच. नदीकाठच्या धक्क्यांचं सौंदर्य जपायला हवं हे भिंतींना विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, पण तळमजल्यावर दुकान असलेल्या माणसाला आणखी वीस वर्षं वाट बघा असं सांगणं मला जमत नाही.

नळाचं पाणीही याच यादीत येतं. २०२२ च्या उन्हाळ्यात ली रोडवर नवं जलशुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि शहरात कित्येक घरी तपकिरी पाणी येऊ लागलं. केंद्र चांगलं आहे. पण पाण्याची रासायनिक घडण बदलली आणि जुन्या बिडाच्या पाइपांत वर्षानुवर्षं बसलेला लोह-मँगनीजचा थर सुटू लागला. नवं यंत्र जुन्या नळ्यांना जोडताना हा विचार आधीच व्हायला हवा होता. पाइप बदलणं हाच पक्का इलाज आहे, आणि बससाठी रस्ता खोदताना ते एकदमच उरकावं. एकच रस्ता तीन वर्षांत तीनदा खोदला की त्याच्यावरच्या दुकानांचं कंबरडं मोडतं.

बाकीचं थोडक्यात. बॅलिनकॉलिग ते मॅहन पॉइंट अशी सुमारे १८ किलोमीटरची ट्राम केंट स्टेशनवरून गोदीत नेण्याचा विचार चांगला आहे. पण तोवर बस थांबवून ठेवू नका. जानेवारी २०१९ मध्ये चोवीस तास धावू लागलेल्या २२० नंबरने लोक बसकडे वळतात हे दाखवून दिलंय. शहराच्या पूर्वेचा, महामार्ग मिळतात तो डंकेटलचा चौक २०२४ मध्ये पूर्ण मोकळा झाला, सिग्नल गेले, पण त्याला लागून असलेला नदीखालचा रस्त्याचा बोगदा १९९९ चा, दोन्ही दिशांना दोन-दोन लेनचा, आहे तसाच आहे. तिथे अजून रस्ता रुंद करून काही हाती लागणार नाही. आणि साउथ मेन स्ट्रीटच्या सहा हजार क्षमतेच्या सभागृहाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१६ मध्ये झालं, इमारत मात्र उभी राहिली नाही. पैशाची जुळणी पक्की होण्याआधी कुदळ मारू नये, हे त्या रिकाम्या जागेकडे बघून कळतं.

इथे राहणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. कुठल्याही बांधकाम अर्जावर पाच आठवड्यांच्या आत २० युरो भरून लेखी म्हणणं मांडता येतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. स्थानिक निवडणुकीत मतदानालाही लागत नाही. अर्जाच्या नकाशांत तळमजल्याची पातळी मीटरमध्ये दिलेली असते, आयर्लंडच्या उत्तर टोकाच्या मालिन हेडच्या समुद्रसपाटीवरून मोजलेली. ती आणि शेजारच्या रस्त्याची पातळी ताडून बघा. रस्ता वर आणि तळमजला खाली असेल, तर पंप कुठे आहे आणि वीज गेली तर तो कशावर चालणार, एवढे दोन प्रश्न लिहून पाठवा.