ओंडक्यावरचा पांढरा थर आणि करोडोंचं यीस्ट

पाऊस स्थिरावला की आमच्या वाडीच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: "कोकणातल्या कुजक्या ओंडक्यावरचा पांढरा थर म्हणजे यीस्ट. तेच लाकूड कुजवतं. मायक्रोस्कोपखाली वेगळं दिसलं की नवी प्रजाती! गावाचं नाव द्या, पेटंट घ्या, करोडो कमवा. तुकडा साखरेच्या पाण्यात टाका, आंबोळीसाठी घरचं यीस्ट तयार." यंदा चौघांनी खरं-खोटं विचारलं, म्हणून लिहितेय.

पांढरा थर हे बुरशीचे तंतू. यीस्टही बुरशीच्याच कुळातलं, पण एकेका पेशीने राहणारं. पेशी साधारण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. ओंडक्यावर ती दिसायची नाही.

लाकूड कुजवण्याचं श्रेयही चुकीच्या माणसाला दिलंय. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा घटक, फोडायचं अवघड काम अळंब्यांच्या जातकुळीतल्या बुरशा करतात. यीस्ट बहुधा आयत्या बिळावरचा नागोबा: दुसऱ्यांनी सोडवलेली साखर खायची. काही तर लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या पोटातच राहतात. स्पाथास्पोरा पासालिडारम हे अमेरिकेत कुजक्या ओंडक्यांतल्या भुंग्याच्या आतड्यात सापडलं, २००६ साली त्याचं वर्णन झालं. लाकडातली झायलोज नावाची साखर ते आंबवतं, जी पावाच्या यीस्टला मुळात जमत नाही. म्हणजे ओंडक्यात कामाचं काही असू शकतं, एवढं मेसेजवाल्याचं खरं.

आता मायक्रोस्कोप. खरा घोळ इथेच आहे. बहुतेक यीस्ट त्याखाली सारखीच दिसतात: लंबगोल पेशी, कडेला फुटलेला कोंब. त्यावरून जात सांगायची म्हणजे शिजलेलं शीत बघून भात कुठल्या कुणग्यातला ते सांगण्यासारखं. म्हणून जुने शास्त्रज्ञ डझनावारी साखरा खायला घालून बघायचे: कुठली खातं, कुठली आंबवतं, बीजाणू कसे धरतं. तरी फसायचे, कारण एकाच जातीतले दोन वाण वेगळं खातात आणि परक्या जातीतले दोन सारखं. १९९८ साली कर्ट्झमन आणि रॉबनेट या संशोधकांनी सुमारे ५०० जातींच्या एका ठरावीक जनुकाचा साधारण ६०० डीएनए-अक्षरांचा तुकडा ताडून पाहिला. एकाच जातीत शून्य ते तीन अक्षरांचा फरक; सहा किंवा जास्त असला तर बहुधा जात वेगळी. बहुधाच, कारण संकरित यीस्ट हा ठोकताळा मोडतात. मग आणखी जनुकं बघायची, शक्यतो दुसऱ्या ओंडक्यांवरूनही तेच यीस्ट मिळवायचं, आणि आधीच्या प्रत्येक वर्णनाशी ताडायचं. नवं आहे हे दिसत नाही. जुन्यातलं एकही जुळत नाही, हे दाखवावं लागतं. त्यानंतर नमुना जिवंत, पण वाढ थांबवलेल्या निष्क्रिय अवस्थेत संग्रहात जपायचा आणि नावाची नोंद करायची. २०१३ पासून नोंदणी क्रमांकाशिवाय बुरशीचं नवं नाव ग्राह्यच धरत नाहीत. असे जिवंत नमुने जपणारा संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही आहे.

नाव गावाचं देता येतं, हो. रत्नागिरीच्या सड्यावर फुलणाऱ्या दिपकाडीच्या शास्त्रीय नावात कोकण आहेच. पण नाव दिलं म्हणून सातबाऱ्यावर चढत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या इंग्रजी प्रतीतल्या कलम ३(सी) नुसार निसर्गात सापडलेल्या सजीवाच्या निव्वळ शोधाला पेटंट नाही. त्यातून काढलेल्या नव्या प्रक्रियेला मिळू शकतं, ती गोष्ट वेगळी.

साखरेच्या पाण्याबद्दल मात्र मला राग येतो. त्या बाटलीत काय वाढेल, ते डोळ्यांनी कळत नाही. कँडिडा ऑरिस हे रुग्णालयांना जेरीस आणणारं यीस्ट २००९ साली जपानमधल्या रुग्णाच्या कानातून वर्णिलं गेलं. २०२१ मध्ये ते अंदमानच्या खाजणात आणि वाळूच्या किनाऱ्यावरही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या ओंडक्यावर तेच असेल असं मी म्हणत नाही. पण आंबोळीचं पीठ रात्रभर झाकून ठेवलं की आपलं आपण येतं. त्यात भिरूड लागलेल्या आंब्याचा भुसा कशाला?