पिवळ्या चौकटीतला माठ

नितीन पुस्तक काखेत मारून येताना दिसला तसे अशफाकनं टपरीवाल्याला आणखी दोन हाफ सांगितले. बजाजनगरच्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, एचआरचं ट्रेनिंग झालं की नितीनचा ताप पंधरा दिवस उतरत नाही.

"आधी बस!" बूड टेकायच्या आतच तो सुरू. "योग्य माणसं बसमध्ये घ्यायची, चुकीची उतरवायची, मग बस कुठं न्यायची ते ठरवायचं. जिम कॉलिन्सचं 'गुड टू ग्रेट'!"

"वाळूजहून किती वाजता सुटती?" बबनमामांनी विचारलं. 33 वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, बस म्हणजे त्यांना शिफ्टची पिकअप.

अशफाक मेंटेनन्सला आहे. वाचतो, पण काखेत मारून हिंडत नाही. "भौ, त्या पुस्तकात 11 कंपन्या ग्रेट होत्या ना? पुस्तक 2001 चं. त्यातली सर्किट सिटी, टीव्ही-बिव्ही विकणारी. 2007 ला त्यांनी 3,400 माणसं एका फटक्यात काढली. कामून? तर पगार जास्त. म्हंजे ज्यांना माल विकता येत होता तेच उतरवले. 2008 ला दिवाळं. फॅनी मे, तिकडची घरकर्जवाली कंपनी, ती पण त्या 11 मधलीच, तीही त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली."

"तत्त्व चुकत नसतं रे, इम्प्लिमेंटेशन चुकतं."

हेच वाक्य त्यानं आमच्या भिशीचं वाटोळं केलं तेव्हाही म्हटलं होतं. मामांचे चार हजार त्यात गेलेत. त्यांनी नितीनकडं एकदा बघितलं आणि बशीत चहा ओतला.

"बरं, फाइव्ह एस घे, कामाची जागा नीट लावायची जपानी पद्धत. सेइरी, सेइतोन, सेइसो..." नितीन बोटं मोजायला लागला.

"ते तर सांगूच नको," अशफाक म्हणाला. "आमच्या शॉपमध्ये दिसंल त्या वस्तूभोवती पिवळी पट्टी मारली. माठाभोवतीसुद्धा. ऐन मे महिन्यात माठ फुटला. वर पत्रा तापलेला, अन् नवा माठ खरेदीच्या सहीवर अडकलेला. तेवढ्यात ऑडिट. ऑडिटवाल्यानं रिकामी चौकट बघितली, खाली पाणी सांडलेलं नाही, शेवाळ नाही. पूर्ण मार्क दिले!"

मामांना ठसका लागला. नितीन म्हणाला, "ही अपवादात्मक केस आहे."

"मग बटण ऐक. टोयोटात लाइनवरचा साधा माणूस दोरी ओढतो. सुपरवायजर पळत येतो, तेवढ्यात सुटलं तर ठीक, नाहीतर लाइन उभी. आमच्याकडं दोरीच्या जागी लाल बटण आलं. वायरिंग मीच केलं, हौसेनं. पहिल्याच हप्त्यात एका हेल्परनं दाबलं. बोअरचं माप खरंच बाहेर चाललं होतं. तर त्याला काय विचारावं? 'कुणाला विचारून दाबलं?' आता त्या बटणावर प्लास्टिकचं झाकण आहे, झाकणाला केबल टाय. टाय कापायची पक्कड माझ्याकडं. अन् मी रोज नाइटला असतो का?"

खरं सांगतो, त्या केबल टायनंतर नितीन काय बोलला ते मी नीट ऐकलं नाही. 'माइंडसेट' हा शब्द तेवढा तीनदा कानावर आला.

"तू डेमिंग वाच," अशफाकनं त्याला तोडलं. "1950 ला जपान्यांना क्वालिटी शिकवायला गेलेला माणूस. त्याचे 14 मुद्दे आहेत. आठवा, माणसाच्या मनातली भीती घालवा. दहावा, कामगारांसाठी लावलेल्या घोषणा काढून टाका. आमच्याकडं मशिनी कमी अन् बोर्ड जास्त."

"भीती? कोणत्या जमान्यात आहेस? आमच्याकडं ओपन डोअर आहे. मी साहेबाला तोंडावर सांगतो की..."

फोन वाजला.

नितीन ताडकन उभा राहिला. "येस सर. नाही सर, मोकळाच आहे सर. आत्ता, सर?" एका हातात हाफ, मान वाकडी करून खांद्यात फोन दाबलेला, अन् मोकळ्या हातानं शर्टाचं वरचं बटण लावणं चालू. व्हिडिओ कॉल नव्हता हो! सुट्टीचा दिवस होता.

"बस आली भौ तुझी," अशफाक म्हणाला.

"घ्यायला आली का उतरवायला, ते विचार आधी," मामा म्हणाले.

माझा चहा तिथंच सांडला. टपरीवाला फडकं घेऊन आला, तोही हसत होता. नितीननं गाडीला किक मारली, पुस्तक कट्ट्यावरच राहिलं. मामा चपला न घालता रस्त्यापर्यंत गेले आणि मागून ओरडले, "अन् ते चार हजार?"