एलएमआयए विकत घेऊन कॅनडाच्या पीआरचे गुण वाढत नाहीत

‘एलएमआयए काढा, एक्स्प्रेस एंट्रीत ५० गुण वाढतील, पीआर पक्की’ असा निरोप कॅनडात वर्क परमिटवर असलेल्या आपल्या मुलांमध्ये अजून फिरतो आहे. (एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाने काढायची सरकारी मंजुरी, पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, आणि एक्स्प्रेस एंट्री म्हणजे त्यासाठी गुणांवर उमेदवार निवडण्याची पद्धत.) कृपया त्यावर विसंबू नका. एलएमआयए ज्यासाठी काढतात त्या नोकरीच्या ऑफरचे ५० गुण, आणि वरिष्ठ व्यवस्थापकांचे २०० गुण, कॅनडा सरकारने २५ मार्च २०२५ पासून बंद केले आहेत. त्या दिवशी पूलमध्ये, म्हणजे निवडीची वाट पाहणाऱ्या उमेदवारांच्या यादीत, असलेल्यांचेही गेले. अर्जासाठी आमंत्रण आधीच मिळालेल्यांना मात्र झळ बसली नाही.

याचा अर्थ नोकरीची ऑफर निरुपयोगी झाली, असा नाही. एक्स्प्रेस एंट्रीतल्या ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजनेच्या पात्रतेत ती अजून धरली जाते, काही प्रांतांच्या नॉमिनेशनसाठी (पीआरसाठी प्रांताने केलेल्या निवडीसाठी) तर लागतेच, आणि प्रांताने निवडलं की ६०० गुण मिळतात. पण त्यासाठी नोकरी खरी हवी.

एलएमआयएची १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते, कामगाराकडून ती वसूल करणं बेकायदा आहे. खोटी ऑफर पकडली गेली तर पाच वर्षं कॅनडात प्रवेश बंद होऊ शकतो. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेले पैसे असे एलएमआयए विकणाऱ्या एजंटाच्या हातात देऊ नका. फ्रेंच येत असेल तर त्याचे गुण आजही मिळतात.