पिंपातली साय आणि ज्युराची पिवळी वाइन

"फ्रान्सच्या ज्युरा भागातली पिवळी वाइन म्हणजे पिंपात विसरून गेलेली, बुरा चढलेली, हवा लागून उतरलेली व्हाइट वाइन. पाश्चरने ती शोधली, स्पेनच्या शेरीची ती नक्कल, आणि वर बाटली ७५ ऐवजी ६२ सेंटिलिटरची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट." असा मजकूर बाटलीच्या फोटोसकट फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला.

आधी बुऱ्याचं. या वाइनचं नाव व्हँ जोन, आणि ती साव्हान्यँ या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची करतात. रस आंबवून नेहमीसारखी कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, व्हाइट वाइन होते, इथवर वेगळं काही नाही. मग ती बहुधा २२८ लिटरच्या जुन्या ओकच्या पिंपांत जाते. इतरत्र पिंपातली वाइन उडून कमी झाली की वरून भर घालतात. इथे मुद्दाम घालत नाहीत. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पातळ, करडी-पांढरी साय धरते. तिकडे तिला 'व्वाल' म्हणतात, म्हणजे पदर.

लोणच्यावर बुरा दिसला की बरणी फेकायची, हे आपल्या घरात इतकं पक्कं असतं की गैरसमज होणं साहजिक आहे. पण ही बुरशी नव्हे. रस आंबवणाऱ्या यीस्टचंच हे भावंड. साखर संपल्यावर ते वर येऊन हवेतल्या ऑक्सिजनवर जगतं आणि थोड्या अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड नावाचं संयुग करतं. ऑक्सिजन सायीतच खर्ची पडतो, खाली फारच थोडा उतरतो. म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी गोष्ट उलटी केली: साय आहे म्हणून वाइन उतरत नाही. ती नीट धरली नाही, तर व्हिनेगर करणारे जिवाणू टपलेलेच असतात.

म्हणूनच 'विसरलेली' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. साय न मोडता खालून नमुने काढायचे, आंबटपणा तपासायचा, आणि बिघडायला लागलेलं पीप वेळीच बाजूला काढायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. नियमाने द्राक्षतोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत वाइन मुरलीच पाहिजे, त्यातले किमान ६० महिने सायीखाली. २०१८ ची द्राक्षं असतील तर बाटली २०२५ च्या जानेवारीआधी दुकानात येत नाही. शातो-शालों या गावाच्या नावाने विकली जाणारी व्हँ जोन तर आणखी कडक. तिथे तोडणीआधी समिती मळे फिरून पाहते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ ही चार वर्षं पीक पसंत पडलं नाही म्हणून त्या नावाची वाइन निघालीच नाही. विसराळू लोक असं करत नसतात.

वासाबद्दल फॉरवर्डमध्ये 'कुजका' असं लिहिलंय. खरं तर वास येतो अक्रोडाचा, कच्च्या सफरचंदाचा, आणि त्यामागे आपल्या ओळखीचं काहीतरी असतं. मुरताना तयार होणाऱ्या एका संयुगाचं नाव सोटोलॉन, आणि मेथीदाण्याचा खास वासही त्याचाच. फोडणीत मेथ्या तांबूस झाल्यावर जो वास सुटतो तो आठवा. फ्रेंच मंडळी याला 'करीचा वास' म्हणून मोकळी होतात. मेथी म्हणायला आपणच हवेत.

पाश्चरचं थोडक्यात. तो जन्मला १८२२ साली ज्युरातल्याच दोलमध्ये, वाढला आर्ब्वात, आणि वाइन का बिघडते याचा त्याने अभ्यास केला, हे खरं. पण २०१८ मध्ये लिलावात १,०३,७०० युरोंना गेलेली व्हँ जोनची बाटली १७७४ सालची होती. पाश्चरच्या जन्माआधी अठ्ठेचाळीस वर्षं!

शेरीशी नातं आहे, कारण फिनो या कोरड्या प्रकारच्या शेरीवरही अशीच साय धरते. पण फिनोत सहसा वरून द्राक्षांचं मद्यार्क घालून तिची ताकद वाढवतात, आणि वेगवेगळ्या वर्षांची वाइन मिसळतात. व्हँ जोनमध्ये वरून काही घालत नाहीत आणि एका बाटलीत एकाच वर्षाचं पीक असतं.

राहिली बाटली. या बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटलीला क्लाव्हलँ म्हणतात. सहा वर्षांत एक लिटरमधून उडून उरते ती ६२ सेंटिलिटर, असं तिकडे सांगतात. प्रत्येक तळघरात उडण्याचं प्रमाण सारखं कसं असेल, तेव्हा हिशोब म्हणून ते घेऊ नये. पण फसवणूकही नाही: या आकाराच्या बाटल्यांत पिवळी वाइन विकायची तर ६२० मिलिलिटरच हवी, असा युरोपीय संघाचाच नियम आहे, आणि आकडा लेबलवर छापलेला असतो.

शेवटी 'बर्फगार करून एका बैठकीत संपवा' असा सल्लाही दिलाय. गार केली की मेथी-अक्रोड सगळं दबतं. पंधरा अंशांच्या आसपास ठीक. आणि उघडलेली बाटली बूच लावून ठेवली तर काही आठवडे सहज टिकते. रोज अर्धा पेला, सोबत त्याच डोंगरातलं कोंते चीज.